अंगठ्याखालच्या पेशी

थोरली आणि धाकटी अशा दोन जावा एका घरात नांदल्या म्हणजे काय होतं, हे कुणालाही ठाऊक असतं. त्याच दोघी दिवसभर एका प्रयोगशाळेतही असल्या म्हणजे काय होतं, ते मात्र त्या प्रयोगशाळेलाच विचारायला हवं.

थोरली तिथे मेंदू कापायची. ऐकणारा दचकतो, म्हणून लगेच सांगते, मेंदू उंदरांचे. औषध दिलेल्या उंदराचा मेंदू मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्याखाली त्याचे पापुद्रे काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचपट्टीवर अलगद उचलायचे आणि जांभळ्या रंगात बुडवून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. तिचे काप इतके पातळ, की शिपाई म्हणायचा, बाईंना कांदा चिरायला दिला तर भाजीत तो शोधूनही सापडायचा नाही. थोरली यावर वरवर चिडायची, पण ही चेष्टा तिने घरी नवऱ्याला, सासूबाईंना आणि दोन्ही बाजूंच्या शेजारणींना सांगून झाली होती. माझा हात हलका आहे, हे तिचं आवडतं वाक्य होतं.

धाकटीला तिथे आणली थोरलीनेच. धाकट्या दिराचं दुकान बसलं, तो घरी बसला, आणि सासूबाईंनी थोरलीकडे अशा नजरेने पाहिलं की तिने मॅडमपाशी शब्द टाकला. उंदरांच्या खोलीत एक तात्पुरती जागा होती, ती धाकटीला मिळाली. पिंजरे साफ करायचे, खाणंपाणी बघायचं, औषध पाजायचं, आणि शेवटी उंदराला पूर्ण गुंगी देऊन त्याच्या रक्तवाहिन्यांतून फॉर्मॅलिन सोडायचं. त्याने मेंदू डोक्यातच घट्ट व्हायला लागतो. मग ते डोकं थोरलीने तसंच्या तसं फॉर्मॅलिनच्या मोठ्या बरणीत घालून रात्रभर थंड कपाटात ठेवायचं. सकाळी थोरलीने कवटी उघडून मेंदू बाहेर काढायचा. रात्रभर का ठेवायचं, हे थोरलीने कधी विचारलं नव्हतं. तिच्या आधीच्या बाई ठेवत होत्या, म्हणून ती ठेवत होती.

सहा-आठ महिने बरे गेले. मग एका दुपारी थोरली रंगाच्या खोलीतून बाहेर आली, तर तिच्याच यंत्रावर धाकटी बसलेली आणि मॅडम मागे उभ्या राहून तिला चाक कसं फिरवायचं ते दाखवतायत. धाकटी डावखुरी. डाव्या हाताने चाक फिरवताना ती अवघडल्यासारखी दिसत होती, पण काप मात्र बरे निघत होते. मॅडम म्हणाल्या, एकीला बरं नसलं तर दुसरीला यायला हवं. बोलणं सरळ होतं. पण थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. दोघींचं काम एकीलाच येत असेल, तर दुसरी हवी कशाला?

त्या दिवसापासून थोरलीला दिसायला लागलं. संशयाचं हे एक बरं असतं, एकदा तो डोळ्यांत बसला की माणसाला दिसायला कधी कमी पडत नाही. धाकटी तिच्याआधी का येते? उंदरांना खायला घालायचं असतं म्हणून, हे उत्तर खरं होतं, पण थोरलीला ते पुरेना. धाकटी मॅडमशी हळू आवाजात काय बोलते? आणि एके सकाळी थंड कपाट उघडलं तर बरण्यांची झाकणं सैल. थोरली झाकण लावायची ते असं, की पुढच्याला उघडताना देव आठवावा. ती झाकणं आपोआप सैल व्हायची नाहीत. थंड कपाटाला कुलूप नव्हतं, आणि सकाळी तिच्याआधी तिथे एकच माणूस येत होतं.

तिने धाकटीला विचारलं नाही. विचारलं तर ती सावध होईल, असं तिला वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, झाकण सैल झालं तर पुन्हा लाव. पुरुषांना यातलं काही कळत नाही, हे थोरलीचं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

मग तिने आपल्या परीने बंदोबस्त केला. धाकटीला सांगितलं, यापुढे बरण्या मी माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवीन. धाकटीने मान डोलावली. अडचण अशी की थोरलीच्या कपाटात मोठी बरणी मावेना. छोट्या बाटल्या मावत होत्या. म्हणून धाकटी डोकी देऊन घरी गेली, की थोरली लगोलग कवटी उघडायची, मेंदू काढायची, छोट्या बाटलीत घालायची, कुलूप लावायची आणि किल्ली पदराला बांधून घरी यायची. हात हलका असल्यावर आज काढला काय आणि उद्या काढला काय, असं तिचं म्हणणं होतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही, मॅडमनाही नाही. चोराला पकडायचं तर सापळ्याची दवंडी पिटून चालत नाही.

आणि नेमक्या तेव्हापासून मेंदूंत काळ्या पेशी दिसायला लागल्या.

मॅडमनी थोरलीला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. थोरलीने आजवर हजारो काप पाहिले होते, चांगली चेतापेशी कशी दिसते हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मोठं फिकट पोट, त्याच्या मधोमध गडद ठिपका, कडेला फुटलेल्या फांद्या, आणि एक लांब धागा, जो पुढच्या पेशीपर्यंत निरोप नेतो. तिथेही तो तिला टेकत नाही, मध्ये बारीकशी फट ठेवतोच, आणि निरोप त्या फटीतून रसायनाच्या थेंबांनी पलीकडे जातो. मॅडमनी एकदा चहा पिताना हे समजावलं, तेव्हा थोरली म्हणाली होती, आमच्याकडे त्या फटीत सासूबाई असतात. मॅडम इतक्या हसल्या की चहा सांडला.

आता त्या हसत नव्हत्या. भिंगाखाली त्या मोठ्या पेशी मनुक्यासारख्या आकसल्या होत्या. फिकट पोट नाही, ठिपका नाही, सगळंच गडद जांभळं, आणि फांद्या पिळलेल्या.

"औषधाने मेल्या का?" थोरलीने विचारलं.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. औषध न दिलेल्या उंदरांतही असंच आहे, त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिला आजूबाजूच्या लहान पेशी पाहायला सांगितल्या. या आधारपेशी. त्या स्वतः निरोप देत नाहीत, पण मोठ्या पेशीला खाऊपिऊ घालतात, धाग्याला वेष्टण घालतात, आणि एखादी मेली की धावत येऊन तिची आवराआवर करतात. "घरात कुणी गेलं, की शेजारी जमतात ना?" मॅडम म्हणाल्या. "इथे बघा. शेजारी आपापल्या जागी शांत बसलेत. त्यांना पत्ताच नाही. म्हणजे उंदीर जिवंत असताना या पेशींना काही झालेलं नाही. जे झालं ते नंतर झालं. मेंदू कच्चा असताना त्याला कुणीतरी दाबलंय."

मग त्यांनी सरळ विचारलं, डोकी रात्रभर ठेवता ना?

"हो, नेहमीसारखीच," थोरली म्हणाली.

हे बोलताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. वाटलं ते एवढंच, की अखेर चोर हाती लागला. कच्चा मेंदू दाबला म्हणजे कधी? फॉर्मॅलिन सोडताना. ते कोण सोडतं? धाकटी. आपण काढतो तोवर तो कच्चा कसला, फॉर्मॅलिन तर त्यात आधीच गेलेलं असतं. आणि आपला हात हलका. हिशेब असा चोख जुळल्यावर तो पुन्हा तपासायची गरज तिला भासली नाही. मॅडमनी आणखी खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरातलं माणूस आहे, माझ्या तोंडून कशाला वदवता." एवढं म्हणायचं आणि नाव घ्यायचं नाही, यात थोरलीचा हातखंडा होता.

मॅडमनी काय समजायचं ते समजून घेतलं. कामाचा निकाल लवकरच द्यायचा होता. असे मेंदू दाखवले असते तर सगळ्या निकालावरच ठपका आला असता, आणि नाही दाखवले तर दाखवायला दुसरे नव्हते. त्या म्हणाल्या, या महिन्यानंतर धाकटीला ठेवता येणार नाही. तिचा संसार त्या पगारावर चालतो, हे दोघींनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी जिन्यात धाकटीची लेक थोरलीच्या पायाला बिलगली आणि काकू, आज काय आणलं, म्हणून विचारायला लागली. थोरलीने तिला बाजूला केलं. तिने मनाला समजावलं, की केसाने गळा कापणाऱ्यांची कणव करायची नसते.

दोन-चार दिवसांनी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. थोरलीला कामावर निरोप आला आणि ती हातातलं टाकून धावली. हाड मोडलं नव्हतं, पण म्हातारीने तिचा हात सोडला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तिला घरीच राहावं लागलं. त्या दिवशीच्या उंदराचं डोकं तसंच धाकटीकडे राहिलं. धाकटीने ते थंड कपाटात ठेवलं आणि सकाळी मॅडमच्या सांगण्यावरून मेंदूही तिनेच काढला. हे कळलं तेव्हा थोरलीच्या जिवाची तगमग झाली. सापडली, तिने मनात म्हटलं. आता या मेंदूत एकही पेशी धड नसणार.

कामावर परतल्यावर तो मेंदू तिने स्वतः मेणात बसवला, स्वतः कापला, स्वतः रंगवला आणि पहिली काचपट्टी वाळते न वाळते तोच भिंगाखाली सरकवली.

सगळ्या पेशी स्वच्छ होत्या. मोठी फिकट पोटं, मधोमध ठिपका, फांद्या सरळ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने काचपट्टी सरकवत नेली, पण काळी पेशी औषधालाही सापडेना.

कुणी म्हणेल, आता तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. छे. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की काय बेरकी बाई आहे, मला अडकवायला मुद्दाम एकच मेंदू जपून काढला. हा विचार घेऊन ती उठली, मागच्या सगळ्या काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन आली आणि त्या उजेडाच्या पेटीवर एकीखाली एक मांडायला लागली. मॅडमना पुरावा शिस्तीत दाखवायचा होता.

मेंदूच्या उजव्या बाजूला खुणेसाठी एक बारीक खाच पाडायची पद्धत होती, म्हणजे काप उलटा पडला तरी डावं-उजवं कळावं. थोरलीने सगळे काप खाच एकाच दिशेला येईल असे लावले. आणि मग सगळ्यात कमी मोठं दाखवणाऱ्या भिंगातून एकेक पाहत गेली. आजवर तिने काळ्या पेशी जवळून पाहिल्या होत्या, प्रत्येकीचं तोंड बघितल्यासारखं. त्या मेंदूत नेमक्या कुठे आहेत, हे लांबून कुणीच पाहिलं नव्हतं.

काळ्या पेशी सगळीकडे नव्हत्या. वरच्या थरात, एकाच ठिकाणी, लांबट गोल डागासारख्या होत्या. त्या डागाबाहेरच्या पेशी ठीक होत्या, खोलवरच्याही ठीक होत्या. प्रत्येक कापात डाग तिथेच. खाच नसलेल्या बाजूला. डावीकडे.

मग तिने नकळत हात हवेत धरले, कवटी उघडताना धरते तसे. उजव्या हातात चपटा चमचा, मेंदू खालून उचलायला. आणि डावा हात, मेंदू घसरून पडू नये म्हणून वरून टेकवलेला. वरून टेकलेला होता तो डावा अंगठा, मेंदूच्या डाव्या बाजूला.

धाकटी डावखुरी. चमचा तिने डाव्या हातात धरला असता आणि उजव्या अंगठ्याने दाबलं असतं, म्हणजे डाग खाचेच्या बाजूला पडला असता.

रात्रभर थंडीत राहिलेला मेंदू उकडलेल्या अंड्यासारखा टणक असतो, त्यावर अंगठा टेकला तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी घाईघाईने काढलेला मेंदू मऊ असायचा. तो हाताला मऊ लागत होता, हे तिला आता आठवलं. तेव्हाही लागतच होतं. पण तेव्हा तिचं लक्ष बोटांत नव्हतं, दाराकडे होतं. कुणी बघत तर नाही ना, याकडे.

एवढ्यात शिपाई सांगत आला, की धाकट्या बाई मॅडमकडे उंदरांच्या खोलीची किल्ली द्यायला गेल्यात, आज त्यांचा शेवटचा दिवस.

थोरलीपुढे दोन वाटा होत्या, आणि खरं सांगायचं तर तिने दोन्ही पाहून घेतल्या. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. धाकटी गेल्यावर ती पुन्हा डोकी रात्रभर ठेवायला लागली असती, काळ्या पेशी थांबल्या असत्या, आणि बघा, ती गेली आणि थांबलं, असं सगळे म्हणाले असते. सगळं कसं तिच्या बाजूने जुळून येत होतं. त्याचीच तिला शिसारी आली.

तिने ट्रे उचलला आणि मॅडमच्या खोलीत गेली. धाकटी टेबलासमोर उभी होती, अंगातला पांढरा कोट घडी करून हातात धरलेला. डोळे रडून लाल झालेले होते.

थोरलीने ट्रे टेबलावर ठेवला आणि त्याच्याजवळ आपला डावा हात पालथा टेकला.

"मॅडम, हा अंगठा माझा आहे. डोकी मी रात्रभर ठेवत नव्हते. लगेच काढत होते. तुम्हाला खोटं सांगितलं."

मॅडमनी काचपट्ट्या एकेक करून भिंगाखाली लावल्या. मग त्यांनी विचारलं, असं का केलंत. थोरलीला वाटलं होतं त्यापेक्षा ते सांगणं फार अवघड होतं, कारण मोठ्याने बोलल्यावर ते कारण अगदीच एवढंसं वाटलं.

"झाकणं सैल सापडली होती," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली. "ती मीच उघडत होते, ताई. फॉर्मॅलिन गढूळ व्हायचं, ते सकाळी बदलत होते. तुम्ही झाकणं एवढी आवळता, माझ्याच्याने पुन्हा तशी लागायची नाहीत." मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस, तुझे उंदीर सांभाळ."

थोरलीला आठवलं. असं ती म्हणाली होती, आणि लगेच विसरूनही गेली होती. धाकटी आल्यापासून, त्या ताज्या फॉर्मॅलिनमुळे, तिचे काप कधी नव्हे इतके छान रंगले होते आणि त्याचं कौतुक तिने एकटीने घेतलं होतं, हेही त्याच वेळी आठवलं.

मॅडमनी थोरलीला काढलं नाही. पण सगळं काम नव्याने करायला लागणार होतं, आणि त्या म्हणाल्या, यापुढे कवटी उघडणं आणि मेंदू काढणं दुसऱ्या कुणी करायचं. तुम्ही फक्त कापायचं. हलक्या हाताच्या बाईला यापेक्षा कान उपटलेले परवडले असते. धाकटीपुढे त्यांनी किल्ली परत सरकवली. तिने ती घेतली, पण थोरलीकडे पाहिलं नाही. घरी जाताना दोघी एकाच रस्त्याने गेल्या, मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. जिन्यात ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं गं." धाकटी म्हणाली, "हो, चुकलं," आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

नव्या खेपेचा पहिला मेंदू धाकटीने सकाळी काढला आणि बाटलीत घालून थोरलीच्या टेबलावर आणून ठेवला. थोरलीने हात पुढे केला. धाकटीने बाटली लगेच सोडली नाही. आधी तिने झाकणावर एका बाजूने पेनाने बारीक रेघ ओढली, ती रेघ बाटलीवरही पुढे नेली, म्हणजे झाकण कुणी मध्ये फिरवलं तर कळावं. नियम म्हणून नाही, मॅडमनी सांगितलं म्हणूनही नाही. तिने थोरलीच्या डोळ्यांत बघत ते केलं.

मग ती बाजूचं स्टूल ओढून बसली आणि थोरलीच्या हातांकडे पाहत राहिली. थोरलीने तिला जा म्हटलं नाही. तिने झाकण उघडलं, डावा अंगठा मुठीत दुमडून घेतला आणि नुसत्या चिमट्याने मेंदू बाहेर काढला.